हँडी-रायफलवर ३५७ मॅक्झिमम: भाड्याचा रीमर, लीचा साचा आणि हातची ओतीव गोळी

एच अँड आर (हॅरिंग्टन अँड रिचर्डसन) या अमेरिकी कंपनीच्या ३५७ मॅग्नम हँडी-रायफलचं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, वाढवून ती ३५७ मॅक्झिमम या लांब काडतुसाची करून घ्यावी का? गोळ्या स्वतः ओतत असाल तर जरूर करा. दुकानातून काडतुसांची खोकी आणून वापरणार असाल तर या वाटेला जाऊ नका. निकाल आधीच सांगितला, कारण पुढचं सगळं त्याच्याशीच बांधलेलं आहे. रीमर, म्हणजे चेंबर कोरायचं हत्यार, चालवणं हा या कामातला सोपा भाग आहे. नेम लागतो की नाही हे ठरतं गोळीच्या मापावर, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

तपासलेला सरंजाम असा: भाड्याने मिळणारा फिनिशिंग रीमर, सोबत पायलट बुशिंगं (रीमरला नळीत सरळ ठेवणाऱ्या कड्या) आणि गो गेज (चेंबर तपासायचं माप), ली प्रिसिजनचा सी-३५८-२००-आरएफ हा दोन खणांचा साचा, लीचाच ०.३५८ इंची पुश-थ्रू सायझर (गोळी दाबून ठरलेल्या व्यासाची करणारं हत्यार). आणि स्टारलाइनच्या ३५७ मॅक्झिमम पुंगळ्या. रायफल एकनळी, मधून मोडणारी, एका वेळी एकच काडतूस घेणारी.

कायद्याचं आधी उरकू. हे सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीत बदल करायला किंवा ती दुरुस्त करायला परवाना लागतो; घरच्या व्हाइसवर हे करणं सरळ गुन्हा आहे. अमेरिकेत स्वतःच्या रायफलचं चेंबर बदलायला संघीय परवाना लागत नाही, मात्र दुसऱ्यांच्या बंदुकांवर धंदा म्हणून काम करायचं तर लागतो. डेट्रॉइट, कोलंबसकडच्या मराठी मंडळींनी आणखी एक ध्यानात ठेवावं. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला संघीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. चालू हंटिंग लायसन्स हा त्याला असलेल्या ठरावीक अपवादांपैकी एक. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. राज्याचे नियम मात्र वेगळे वाचावे लागतात.

आता काडतूस. ३५७ मॅग्नम १९३५ चं, पुंगळीची लांबी १.२९० इंच. मॅक्झिमम रेमिंग्टन आणि रुगरने १९८३ मध्ये आणलं. मूळ कल्पना एल्गिन गेट्स यांच्या सुपरमॅग काडतुसांची. पुंगळी १.६०५ इंच. फरक ०.३१५ इंचाचा, म्हणजे अडीच सुताच्या किंचित वर. रिम (पुंगळीच्या बुडाची कड) तीच, अंगाचा व्यास तोच, गोळी तीच. दाबाची कमाल मर्यादा मॅग्नमला ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), मॅक्झिममला ४०,०००. रुगरच्या रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून सुटणारे तप्त वायू वरची पोलादी पट्टी कुरतडायला लागले आणि ते मॉडेल लवकरच बंद झालं. एकनळी रायफलीत ती फटच नसते, त्यामुळे रिव्हॉल्वरमध्ये बदनाम झालेलं हे काडतूस इथे निवांत नांदतं.

ओतीव गोळीवाल्याला यात खरा फायदा लांबीचा आहे. २०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १३ ग्रॅमची गोळी लांब असते. मॅग्नमच्या आखूड पुंगळीत ती बसवली की पावडरची निम्मी जागा तीच खाते. मॅक्झिमममध्ये गोळी बसूनही जागा उरते, त्यामुळे मंद जळणारी पावडर वापरता येते आणि गोळीला हळूहळू, पण लांबवर रेटा मिळतो. शिशाच्या गोळीला नेमकं हेच मानवतं.

रायफल निवडताना पहिली गोष्ट फ्रेम, म्हणजे नळी ज्याला जोडलेली असते तो सांगाडा. एच अँड आरच्या फ्रेम दोन जातीच्या: एसबी-१ शॉटगनसाठी आणि एसबी-२ रायफलसाठी. एसबी-२ चं पोलाद जास्त दाबासाठी केलेलं आहे. फ्रेमवरचा ठसा वाचा. एसबी-१ वर हे काम करूच नका, कोणी काहीही सांगो. कारखाना २०१५ मध्ये बंद झाला, त्यामुळे आता सगळा माल जुना. जुन्या रायफलीत बॅरल आणि फ्रेमचा सांधा पाहा. फोरएंड (नळीखालचा हाताने धरायचा भाग) काढून रायफल बंद करा आणि बॅरल हाताने डावी-उजवीकडे, वर-खाली हलवून बघा. खुळखुळत असेल तर आधी तो दोष दूर करा, मग चेंबरचं बोला. ब्रीच (नळीचं मागचं तोंड) आणि फ्रेम यांच्यामध्ये साध्या कागदाची पट्टी धरून रायफल बंद केली तर पट्टी चारही बाजूंनी अडकायला हवी. लॅचची, म्हणजे रायफल बंद धरणाऱ्या खिट्टीची, बैठक कोरडी हवी. तिथे ग्रीस लावलं तर गोळी सुटताना रायफल आपोआप उघडण्याचा धोका असतो. या मॉडेलबद्दलची ही तक्रार जुनी आहे आणि पुष्कळदा कारण निव्वळ ते ग्रीस असतं.

नळीचं माप न घेता रीमर मागवणं म्हणजे पैसे वाया. मऊ, शुद्ध शिशाचा एक गोळा, मासेमारीचं वजनही चालतं, तेल लावून नळीच्या तोंडातून लाकडी दांड्याने आत घाला आणि पलीकडून बाहेर काढा. त्यावर नळीतल्या पीळदार खाचांचे ठसे उठतात. मायक्रोमीटरने सगळ्यांत मोठा व्यास मोजा, तो ०.३५७ ते ०.३५८ च्या आसपास असायला हवा. शिशाचा गोळा एखाद्या ठिकाणी घट्ट, एखाद्या ठिकाणी सैल जातोय का हेही हाताला कळतं. खाचांमधल्या उंचवट्यांचा व्यास साधारण ०.३४६ इंच. पायलट बुशिंग त्याच्यापेक्षा अर्धा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बारीक घ्या. घट्ट बुशिंग नळीला घासून ओरखडे काढतं, सैल बुशिंगने रीमर डुलतो आणि चेंबरच्या भिंतीवर लाटा उठतात. रीमर भाड्याने देणारी दुकानं दोन-तीन बुशिंगं देतात. न दिल्यास मागून घ्या, कारण या कामात पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

भाड्याचा रीमर घ्यावा की विकत? एकच रायफल असेल तर भाड्याचाच. मात्र हातात पडल्यावर भिंगाखाली धारा बघा. आधीच्या माणसाने तो उलटा फिरवला असेल तर धारेवर बारीक चकाकी दिसते, आणि असा रीमर कापत नाही, घासतो. परत पाठवा, वाद घालू नका. दुसरं म्हणजे त्याला रिमचा खांदा आहे की नाही हे आधीच विचारा. खांदा असलेला रीमर आपल्या कामासाठी सोन्यासारखा, कारण रिमची बैठक कारखान्याने आधीच कापलेली असते आणि तो खांदा तिला टेकला की आपोआप थांबायची जागा कळते. खांदा नसेल तर खोली मोजूनच काम करावं लागतं, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने ते टाळावं.

प्रत्यक्ष काम हाताने करावं. लेथ नको, ड्रिल मशीन तर अजिबात नको. जे पोलाद काढायचं आहे ते थोडं आहे: जुन्या पुंगळीच्या तोंडापुढची अडीच सुतांची जागा दोन्ही बाजूंनी साधारण १० थाऊ रुंद करायची. रीमरचं अंग जुन्या चेंबरमध्ये आधीच चपखल बसलेलं असतं, म्हणून तो सरळच जातो. या बदलाची सगळ्यात जमेची बाजू ती हीच.

बॅरल फ्रेमवरून उतरवा, इजेक्टर (पुंगळी बाहेर ढकलणारा भाग) काढून ठेवा. लाकडाचे जबडे लावून ती व्हाइसमध्ये आडवी धरा. नळीत पायलटच्या बऱ्याच पुढे एक घट्ट कापडी बोळा बसवा, म्हणजे कीस खाचांत जाणार नाही. गंधकयुक्त कटिंग ऑइल भरपूर. टॅप हँडलने घड्याळाच्या दिशेने, एकसारखा, हलका दाब देत फिरवायचं. उलटं कधीच नाही. बाहेर काढतानाही घड्याळाच्या दिशेनेच फिरवत ओढायचं. उलट फिरवलं तर धारेच्या मागे अडकलेला कीस धार मोडतो आणि चेंबरभोवती एक गोल ओरखडा पाडतो, जो नंतर प्रत्येक पुंगळीवर छापून येतो. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर रीमर बाहेर काढा, ब्रशने साफ करा, चेंबर पुसा, नवं तेल लावा. कंटाळवाणं आहे, पण खराब झालेली चेंबरं बहुतेक या पुसण्याच्या आळसातूनच होतात.

खोली मोजायला कॅलिपरची मागची पट्टी पुरते. बॅरलच्या ब्रीचकडच्या तोंडापासून रीमरच्या खांद्यापर्यंतचं अंतर मोजत जा. रिमच्या बैठकीची खोली आधीच मोजून ठेवली असली की किती उरलंय ते कळतं. शेवटचे १० थाऊ उरले की हात आवरता घ्या: अर्धी फेरी, साफ करा, पुन्हा अर्धी फेरी. रिमच्या बैठकीवर काळ्या मार्करची शाई लावा. खांद्याने ती शाई सगळीकडून जेमतेम खरवडली की थांबायचं. त्यापुढे गेलात तर हेडस्पेस, म्हणजे बंद रायफलीत रिमसाठी राहणारी जागा, वाढतो, आणि काढलेलं पोलाद परत लावता येत नाही.

कर्कश खरखर सुरू झाली किंवा हँडल थरथरायला लागलं तर समजा रीमर नाचतोय. दाब वाढवून उपयोग नाही. तेल लावलेला जाडसर कागद रीमरभोवती गुंडाळून दोन-तीन फेऱ्या हलक्याने फिरवल्या की लाटा बहुधा मोडतात.

हेडस्पेस या काडतुसात रिमवर मोजला जातो. गो गेज ०.०६० इंचाचं. इजेक्टर परत बसवून, गेज टाकून रायफल बंद करा; जोर न लावता बंद व्हायला हवी. इजेक्टर किंचित पुढे येऊन रिम उचलून धरत असेल तर रायफल नीट बंद होत नाही आणि माणूस उगाच चेंबर आणखी खोल करत बसतो. म्हणून गेज नेहमी इजेक्टरसह आणि इजेक्टरविना, असं दोनदा टाकून बघावं. हेडस्पेस जास्त झाला तर प्रायमर (पुंगळीच्या बुडातली पावडर पेटवणारी टिकली) मागे सरकलेला दिसतो, कधी हातोडीचा मार हलका पडून काडतूस उडतच नाही.

मग चेंबरचा ठसा घ्या. सेरोसेफ हा मिश्रधातू ७१ ते ८८ अंश सेल्सिअसमध्ये वितळतो. चेंबर कोमट करून त्यात ओता, घट्ट झाल्यावर लगेच ढकलून काढा. हा धातू आधी आक्रसतो, मग फुगतो. तासाभराने तो चेंबरच्या मापाइतका असतो, तेव्हाच मोजायचं. लगेच मोजणाऱ्यांना चुकीचा आकडा मिळतो आणि ते रीमरला दोष देत बसतात. या ठशावरून पुंगळीच्या तोंडापुढे गोळीला किती व्यासाची मोकळी जागा आहे हे कळतं. सायझरचं माप ठरतं ते याच आकड्यावरून, साच्याच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यावरून नव्हे.

आता साचा. लीचा दोन खणांचा ॲल्युमिनियमचा साचा हँडलसह मिळतो आणि लोखंडी साच्यांच्या मानाने फार स्वस्त असतो. सी म्हणजे बुडाला गॅस चेकची तांब्याची टोपी बसवायची सोय, ३५८ व्यास, २०० ग्रेन, आरएफ म्हणजे चपटं गोल नाक. आरसीबीएसचा लोखंडी ३५-२००-एफएन हा याच वर्गातला महागडा भाऊ. लोखंडी साचा तापायला वेळ घेतो पण ताप धरून ठेवतो, आणि नीट सांभाळला तर पुढच्या पिढीला देता येतो. ॲल्युमिनियम पटकन तापतं, पटकन निवतं. लीच्या साच्यात ओतण्याची लय महत्त्वाची ती त्यासाठीच. चहा प्यायला उठलात की पुढच्या चार-पाच गोळ्या भट्टीत परत टाका.

नवा साचा आधी भांडी घासायच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुवा. कारखान्याचं तेल राहिलं तर गोळीवर सुरकुत्या येतात. खण काडीपेटीच्या धुराने हलके काळे करा. दोन अर्ध्या भागांना जुळवणाऱ्या पिनांना आणि स्प्रू प्लेटच्या (साच्यावरची, वर उरलेलं शिसं, म्हणजे स्प्रू, कापणारी पट्टी) बिजागरीला मेणाचा किंवा टू-स्ट्रोक तेलाचा अगदी अंश लावा. खणात गेला तर पुन्हा धुणं आलं. साचा बंद करताना भट्टीच्या काठावर सपाट टेकवून बंद करा, हवेत नाही. हवेत बंद करायची सवय लागली की पिना घासतात, साचा पुरता मिटत नाही, आणि गोळीच्या दोन्ही बाजूंना पंखासारखी कड येते. स्प्रू प्लेटचा स्क्रू सैल होतो, तो मधूनमधून तपासावा लागतो. एवढी देखभाल मान्य असेल तर या किमतीत याच्याइतकी चांगली गोळी देणारं दुसरं काही नाही.

शिसं कुठलं? गाड्यांच्या चाकांना लावायची क्लिपची वजनं ही जुनी ठरलेली सामग्री: साधारण ९५ टक्के शिसं, ३ टक्के अँटिमनी, अर्धा टक्का कथील आणि किंचित आर्सेनिक. कठीणपणा ब्रिनेल ११-१२. चिकटवायची वजनं बहुधा शुद्ध शिशाची, ती वेगळी ठेवा. आता अनेक वजनं जस्ताची किंवा लोखंडाची येतात. लोखंड रसावर तरंगतं, निरुपद्रवी आहे. जस्त घातक. ते ४१९ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला. म्हणून वजनं वितळवताना भट्टी ३७० च्या वर जाऊ द्यायची नाही. जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात, चमच्याने उचलून टाकायचे. एकदा जस्त मिसळलं की रस लापशीसारखा घट्ट होतो आणि साचा कधीच नीट भरत नाही. चाकाच्या वजनांमध्ये दीड-दोन टक्के कथील घातलं की रस पातळ होऊन खणाच्या कोपऱ्यात नीट शिरतो. ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी हे लायमन नंबर २ चं प्रसिद्ध प्रमाण, ब्रिनेल १५. मॅक्झिममसाठी यापेक्षा कठीण काही लागत नाही.

ओतताना रस ३७० ते ४०० अंशांत ठेवा. साच्याचा कोपरा अर्धा मिनिट रसात बुडवून धरा. बाहेर काढल्यावर शिसं चिकटलं तर साचा अजून थंड आहे. ओतल्यावर स्प्रूवरची चकाकी मावळून तो मंद झाला की आणखी दोन-तीन सेकंद थांबून प्लेट उघडा. घाई केली तर बुडावर शिसं लांबून फाटतं आणि तिथे खड्डा राहतो. सुरकुतलेली गोळी म्हणजे साचा थंड किंवा तेलकट. दह्यासारखी पांढरट म्हणजे साचा जास्त तापलाय. ती दिसायला वाईट, उडायला ठीक. बुडाची कड गोलसर राहिली असेल तर मात्र गोळी सरळ भट्टीत परत. नाकावरचा डाग नेम बिघडवत नाही, बुडावरचा बिघडवतो, कारण नळीतून शेवटी सुटतं ते बूड आणि तिथे दाब एका बाजूने आधी निसटला की गोळी तिरकी होते. गॅस चेक बसतो म्हणून बुडाकडे दुर्लक्ष करणारे हीच चूक करतात. चेक वाकड्या बुडावर वाकडाच बसतो.

ओतून झाल्यावर सगळ्या गोळ्या तोला. एका लॉटमध्ये एखादी दोन ग्रेन हलकी निघाली तर आत पोकळी आहे, ती बाजूला काढा.

ओतकाम उघड्या शेडमध्ये किंवा पंख्याचा झोत पाठीमागून घेऊन करा. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशात गेला की वाफेचा स्फोट होतो आणि भट्टी तोंडावर उसळते. ओली वजनं, घामाचे हात, छतातून टपकणारं पाणी, सगळं यात आलं. पूर्ण बाह्या, चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा. तिथे खाणं-पिणं नको, लहान मुलं नकोत, आणि ते कपडे वेगळे धुवायचे.

सायझरचं माप: नळीच्या खाचांपेक्षा गोळी एक ते दोन थाऊ जाड हवी. खाचा ०.३५७ असतील तर लीचा ०.३५८ चा सायझर नेमका. खाचा ०.३५८ निघाल्या तर तो कमी पडतो. आतून बारीक पॉलिश पेपरने एक थाऊ वाढवून घ्यावा लागतो, किंवा मोठं माप बनवून घ्यावं लागतं. गोळी बूड खाली, नाक वर ठेवून प्रेसने वर ढकलायची. गॅस चेक त्याच फटक्यात बसून आवळला जातो. हा सायझर स्वस्त आहे, सरळ आहे, आणि यात नाकाला काही होत नाही. उणीव एकच, वंगण वेगळं लावावं लागतं. द्रव ॲलॉक्स चालतं पण चिकट राहतं. पावडर कोटिंग जास्त स्वच्छ: २०० अंशांवर २० मिनिटं भाजायचं, व्यास एक-दोन थाऊ वाढतो, म्हणून सायझिंग नंतर. पाण्यात टाकून कठीण केलेली गोळी ओव्हनमध्ये भाजली की तो कठीणपणा जातो. हवाच असेल तर ओव्हनमधून काढल्या काढल्या पुन्हा पाण्यात टाका.

नळीत शिसं चढायला लागलं की लोक आधी मिश्रधातू कठीण करतात. बहुतेक वेळा उपाय उलटा असतो. शिसं चेंबरच्या लगेच पुढे चढत असेल तर गोळी बारीक आहे आणि बाजूने वायू निसटून तिला वितळवतोय. जाड गोळी वापरा. तोंडाकडे चढत असेल तर वंगण संपतंय. कठीण पण बारीक गोळी दाबाने फुगत नाही, त्यामुळे कठीणपणा वाढवून पहिला प्रकार आणखी चिघळतो.

भरायच्या कामात स्टारलाइनच्या पुंगळ्यांविषयी तक्रारीला जागा नाही. दाब ४०,००० पर्यंत असल्याने प्रायमर स्मॉल रायफल. पिस्तुलाच्या प्रायमरचं पातळ पत्र्याचं टोपण इथे वापरू नये. ३८/३५७ चा कार्बाइड सायझिंग डाय या पुंगळीला चालतो. तोंड उघडायचा आणि गोळी बसवायचा डाय मात्र अडीच सूत वर उचलावा लागतो, आणि काही संचांत तेवढे आटे उरत नाहीत. मॅक्झिममसाठी म्हणून विकला जाणारा संच घेतला तर ही कटकट नाही. तोंड उघडायला लायमनच्या एम डायसारखा पायरीचा एक्स्पांडर हवाच. तो नसला तर पुंगळीची कड गोळीचा कीस काढते आणि आधी घेतलेली सगळी मेहनत तिथे फुकट जाते.

पावडरचे आकडे इथे मुद्दाम देत नाही. ते पावडर कंपनीच्या चालू तक्त्यातूनच, त्याच वजनाच्या ओतीव गोळीसाठी दिलेल्या सुरुवातीच्या मापापासून घ्यावेत. पावडरींच्या स्वभावाविषयी मात्र बोलता येतं. एच-११० आणि डब्ल्यू-२९६ ही एकच पावडर, आणि हॉजडनची सूचना स्पष्ट आहे: दिलेल्या मापापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त कमी करायची नाही. हलक्या मापात ती नीट पेटत नाही, आणि गोळी नळीत अडकू शकते. तिला पूर्ण भरलेली पुंगळी आणि घट्ट रोल क्रिंप (पुंगळीची कड गोळीवर आत वळवणं) लागतो. आयएमआर-४२२७ जास्त समजूतदार आहे. ओतीव गोळीसाठी सुरुवात तिच्यापासून करावी. हलक्या सरावाच्या भारासाठी ॲक्युरेट-५७४४. शीघ्र जळणाऱ्या पिस्तुलाच्या पावडरी या लांब पुंगळीत दुप्पट पडल्या तरी बाहेर सांडत नाहीत, दिसतही नाहीत. गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं, अपवाद नाही.

एकनळी रायफलीत मॅगझिनची मर्यादा नसते, म्हणून गोळी लांब बसवून खाचांना टेकवता येते. प्रायमर-पावडर नसलेलं एक डमी काडतूस करा, गोळीला मार्कर फासा, रायफलीत घालून बंद करा. खाचांचे बारीक ठसे उमटले की लांबी जमली. हेडस्पेस किंचित जास्त झालेल्या रायफलीत हा उपाय दुहेरी कामाचा: टेकलेली गोळी पुंगळीला मागे फ्रेमवर दाबून धरते. मात्र टेकवल्यावर दाब वाढतो, म्हणून भार पुन्हा खालून सुरू करायचा.

पहिले काही बार रायफल जुन्या टायरवर बांधून, ट्रिगरला दोरी लावून, आडोशाला उभं राहून काढावेत. पुंगळी अडकत असेल, प्रायमर पसरून त्याच्या कडेची फट भरली असेल, किंवा रायफल स्वतःहून उघडली असेल तर तिथेच थांबा.

बदललेल्या रायफलीत ३८ स्पेशल आणि ३५७ मॅग्नम अजूनही उडतात, पण गोळीला खाचांपर्यंत उडी मारावी लागते. नेम ढिला पडतो आणि आखूड पुंगळीच्या तोंडापुढे शिशाचं-काजळीचं कडं जमतं. त्यानंतर मॅक्झिमम घातलं तर त्या कड्याने पुंगळीचं तोंड आवळलं जातं, दाब चढतो. आखूड काडतुसं वापरलीत तर ब्रशने चेंबर घासल्याशिवाय लांब काडतूस घालू नका.

इतर पर्याय? फक्त शिकार करायची आणि गोळ्या ओतायच्या नाहीत तर विंचेस्टरचं २०१९ चं ३५० लेजंड किंवा रेमिंग्टनचं २०२३ चं ३६० बकहॅमर असलेली नवी रायफल घ्या. मिशिगन आणि ओहायो या राज्यांनी २०१४ मध्ये सरळ भिंतीच्या (तोंडाशी गळा नसलेल्या) काडतुसांच्या रायफलींना शिकारीत मोकळीक दिली, तेव्हापासून अशा काडतुसांना बाजार आहे. लेजंडची गोळी बारीक असल्याने ३५८ चे साचे तिला थेट चालत नाहीत. बकहॅमरला चालतात, पण त्याचा दाब ५०,००० पीएसआय आणि रिम मोठी; ३५७ ची हँडी-रायफल त्यासाठी कोरण्याचा विचारही करू नये. थॉम्पसन-सेंटर कंटेंडरची मॅक्झिमम नळी जुन्या बाजारात मिळाली तर ती या सगळ्या खटाटोपापेक्षा सोपी, फक्त महाग.

काम संपलं की बॅरलवरची ३५७ मॅग्नम ही खूण आहे तशी ठेवू नका. तिच्या शेजारी मॅक्झिमम असा ठसा ठोका, अक्षरं खोल आणि सरळ, फ्रेमपासून लांब, जाड भागावर. ही रायफल उद्या दुसऱ्या कोणाच्या हातात जाईल आणि आतलं चेंबर काय आहे हे त्याला बाहेरूनच कळायला हवं. रीमर परत पाठवताना धुऊन, तेल लावून, धारांवर प्लास्टिकची नळी चढवून पाठवा.